तीन ओळींची हद्द

द्राक्षं शनिवारी उतरून झाली. रविवारी सकाळी बाझील कुदेर्कने हत्यारं धुऊन पुसून कोठारात ठेवली आणि दाराआडच्या खिळ्यावरून बायकोची, सोलांजची, पाठपिशवी काढली. फेब्रुवारीत ती वारली तेव्हापासून पिशवी तिथेच लटकत होती. एक पट्टा उंदरांनी कुरतडला होता. चर्चच्या बाया जुन्या वस्तू गोळा करत होत्या, त्यांना देऊन टाकावी असं त्याच्या मनात होतं.

देण्याआधी त्याने कप्पे तपासले. पाण्याची बाटली, लोकरी मोजे, पायवाटांचा नकाशा. आतल्या कप्प्यात तिच्या रुमालात बांधलेलं काहीतरी जड हाताला लागलं. त्याने गाठ सोडली. आत कौलाचा तुकडा होता. तळहाताएवढा, जुन्या लाल मातीचा, एक कड घासलेली, बाकीच्या तुटक्या.

दुसऱ्या कोणी तो कोपऱ्यात भिरकावला असता. बाझील तिथेच पालथ्या पिंपावर बसला.

लोत नदीच्या त्या खोऱ्यात दोन मळ्यांच्या मध्ये हद्दीचा दगड रोवताना एक कौल फोडून त्याचे तीन तुकडे दगडाखाली पुरायची जुनी रीत होती. दगड काय, कोणीही उपटील आणि चार हात पलीकडे रोवील. पण गुडघाभर खोल पुरलेले तुकडे कडेला कड लागून जुळले, की हद्द तिथेच, यावर पुढे कोणी बोलत नसे. त्या तुकड्यांना साक्षीदार म्हणत. अकरा वर्षांपूर्वी बाझीलचा आणि शेजारच्या एलोई मार्तीचा हद्दीवरून वाद झाला. मोजणीवाला आला, दगड उपटला, खाली खणलं. काही निघालं नाही. मग त्याने जुना नकाशा काढला, दोरी धरली, आणि बाझीलच्या वेलींच्या तीन ओळी एलोईकडे गेल्या. बाझीलच्या बापाने, ओगुस्तने, स्वतःच्या हाताने लावलेल्या ओळी होत्या त्या.

त्या संध्याकाळी बाझील जोझियानच्या कॅफेत उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "एलोई चोर आहे. माझ्या दगडाखालचे साक्षीदार याने उकरून नेले." कोणी हो म्हणालं नाही की नाही म्हणालं नाही. पण त्यानंतर एलोईच्या टेबलावर कोणी बसेना. शिकारीला निघताना त्याच्या दारावर कोणी थाप मारीना. हिवाळा सरता सरता त्याने मळा विकला, आणि नदीच्या वरच्या अंगाला कुठेसा राहायला गेला. कुठे, ते बाझीलने कधी विचारलं नाही.

आणि आता साक्षीदार सोलांजच्या रुमालात होता.

दर ऑक्टोबरात, द्राक्षं उतरली की सोलांज चार रात्रींसाठी बहिणीकडे जायची. पायी. नदीकाठाने, मळ्यांमधून, गावागावांतून. "बसने जा की," बाझील म्हणायचा. ती म्हणायची, "वर्षभर त्याच त्या वेलींपुढे वाकून कंबर मोडते. चार दिवस सरळ चालू दे मला." दहा वर्षं गेली तशी. त्याने घरात जाऊन मेव्हणीला फोन लावला.

"कोलेत, सोलांज तुझ्याकडे शेवटची कधी आली होती?"

"माझ्याकडे? तुम्ही दोघं गाडीने आला होतात ना, माझ्या नातीच्या बारशाला. त्यालाही सात-आठ वर्षं झाली."

"मी दर ऑक्टोबरचं विचारतोय. द्राक्षं उतरल्यावरचं."

"ऑक्टोबरात कोण येतंय माझ्याकडे?" मग तिचा आवाज खाली आला. "बाझील, तू नीट जेवतोस ना?"

त्याने फोन ठेवला. नकाशा टेबलावर पसरला. त्याच्या गावापासून, फोंतोराकपासून, शिसपेन्सिलची एक रेघ नदीकाठाने वर गेली होती. बेल्वेर गावापाशी छोटा क्रॉस होता. कोलेतचं गाव तिथून डावीकडे. पण रेघ उजवीकडे वळून पूल ओलांडत होती आणि टेकडीवरच्या रोशब्रूनला जाऊन थांबत होती. तिथे गोल काढला होता. गोलावरून इतक्यांदा पेन्सिल फिरली होती की कागद विरला होता.

फेब्रुवारीपासून एकाही रविवारी तो कबरीवर जायचा चुकला नव्हता. त्या रविवारी तो गेला नाही. जाऊन तिच्याशी काय बोलणार? आधी कळायला हवं होतं, बेचाळीस वर्षं आपण कोणाबरोबर काढली ते.

सोमवारी सकाळी त्याने तीच पिशवी पाठीला लावली आणि रेघेवरून चालायला लागला.

वाट त्याच्याच मळ्याच्या कडेने जात होती. दगडांवर, झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. या वाटेने जाणारे लोक त्याने जन्मभर पाहिले होते, दोन्ही हातांत काठ्या घेऊन बर्फ नसताना बर्फावर चालल्यासारखे जाणारे. त्यांना तो हसायचा. पाय कामासाठी असतात, असं त्याचं मत होतं. आता समोरून येणारे तेच लोक त्याला आपला समजून बोंजूर म्हणत होते आणि त्याला मान हलवावी लागत होती.

उतरलेले मळे त्याला नेहमीच उसवल्यासारखे वाटायचे. पानं लालभडक, खाली सांडलेले मणी, त्यांवर गांधीलमाश्या. चालता चालता तो हिशेब करत नव्हता, आठवत होता. परत आली की ती दोन दिवस गप्प असायची. दमली असेल, असं त्याला वाटायचं. बोटं काळी पडलेली असायची, अक्रोडाच्या हिरव्या सालीने पडतात तशी. ती म्हणायची, कोलेतकडे अक्रोड फोडायला बसले होते. कोलेतकडे अक्रोडाचं झाड नव्हतंच. हे त्याला आज, भर रस्त्यात सुचलं, आणि तो थांबला. दहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

दुपारी एका वाडीत तो हौदावर पाणी भरत होता. वरच्या खिडकीतून एक बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याच्याकडे नाही, पाठीवरच्या पिशवीकडे. सोलांजने पिशवीच्या झाकणावर पिवळ्या कापडाचं फूल शिवलं होतं.

"काही हवंय का?" त्याने विचारलं.

"मला नको काही," बाई म्हणाली आणि खिडकीची दारं ओढून घेतली.

संध्याकाळपूर्वी तो बेल्वेरला पोचला. नकाशावरचा क्रॉस म्हणजे वाटसरूंना उतरायला दिलेलं एक घर होतं. घराची मालकीण मिरेय अंगणात चादरी घडी करत होती. पन्नाशीची, रुंद, बाह्या दुमडलेल्या. तिनेही आधी फूल बघितलं, मग माणूस.

"ही पिशवी कुठे मिळाली तुम्हाला?"

खरं सांगायचं नाही असं बाझीलने वाटेतच ठरवलं होतं. "माझ्या बहिणीची आहे."

"सोलांजची?"

"हो."

"सोलांजला भाऊ नाही." मिरेयने चादर दोरीवर परत टाकली. "एक बहीण आहे, तिच्याशी तिचं फारसं पटत नाही. एक नवरा आहे. भाऊ नाही. तेव्हा आता खरं सांगा, नाहीतर माझा जावई पोलिसात आहे."

बाझील गोंधळला. इतक्या वर्षांत कोणी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला नव्हता. "मी नवरा," तो म्हणाला.

मिरेयने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही? तिने सांगितलं त्यावरून मला वाटलं होतं, उंच असाल."

"ती गेली. फेब्रुवारीत."

मिरेयने दोरीवरची चादर ओढून घेतली. चादरींचा ढीग उचलून आत गेली आणि बऱ्याच वेळाने सूप घेऊन बाहेर आली. ताटलीत सूप संपत आलं तेव्हा तिने न विचारता, तिकडच्या रीतीप्रमाणे, त्यात वाईन ओतली, आणि त्याने ताटली उचलून तोंडाला लावली. सोलांज घरी त्याला याच्यावरून रागवायची, पाहुण्यांसमोर तरी नको म्हणायची.

"ती इथे यायची तेव्हा," त्याने ताटली खाली ठेवत विचारलं, "पुढे कुठे जायची?"

"ते तुम्हाला ठाऊक असणार."

"मला ठाऊक असतं तर मी या वयात वीस किलोमीटर चाललो असतो का?"

मिरेयने पाव तोडला. सांगावं की नाही याचा ती विचार करत होती, ते दिसत होतं. "पिशवीत दोन बाटल्या असायच्या. तुमच्या मळ्याच्या. परत यायची तेव्हा नसायच्या. पुलापाशी एक पांढरी गाडी तिला न्यायला यायची. मागे कोंबड्यांचं खुराडं बांधलेली."

"चालवायचं कोण?"

"एक म्हातारा."

"कसला म्हातारा?"

"म्हातारा म्हणजे म्हातारा. लंगडत उतरायचा आणि तिची पिशवी घ्यायचा. आता यात तुम्हाला काय शोधायचंय ते शोधा. मी चादरी धुते, माणसं नाही."

माझ्या मळ्याची वाईन, बाझीलने बिछान्यावर पडल्या पडल्या मनात म्हटलं. माझीच. आणि पिशवी घेणारा म्हातारा.

दुसऱ्या दिवशी चाल कमी होती पण चढ होता. पूल ओलांडताना त्याने थांबून गाडी कुठे उभी राहत असेल ते बघितलं. कठड्याजवळ थोडी मोकळी जागा होती. तिथे तेलाचा डाग होता. कोणाच्याही गाडीचा असेल, पण तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. आपण आधी कौल समोर टाकायचं, की आधी विचारायचं? काय विचारायचं? बायको मेल्यावर असले प्रश्न विचारणारा माणूस कसा दिसतो, याचीही त्याला लाज वाटत होती.

रोशब्रून म्हणजे एक चर्च आणि चौदा-पंधरा घरं. शेवटच्या घरापुढे पांढरी गाडी उभी होती, मागे खुराडं. अंगणात लाकडी चाळण्यांवर अक्रोड वाळत घातले होते. त्यांच्यामध्ये स्टुलावर एक माणूस बसला होता, हातात लाकडी हातोडी.

तो एलोई मार्ती होता.

बाझीलच्या मनात दोन दिवस शंभर तोंडं येऊन गेली होती. हे आलं नव्हतं.

"आलास?" एलोई म्हणाला. उठला नाही. "मला वाटलं होतं, तू पहिल्या वर्षीच येशील. एवढा संशयी माणूस, आणि बायको कुठे जाते ते बघायला दहा वर्षं लागली तुला."

बाझीलने पिशवी उतरवली, रुमाल सोडला आणि कौलाचा तुकडा अक्रोडांच्या चाळणीवर आपटला. दोन अक्रोड खाली घरंगळले.

"हे तिच्याकडे कुठून आलं?"

एलोईने तुकड्याकडे बघितलं. मग हातोडी ठेवून गुडघ्यांवर हात दाबत उठला आणि लंगडत घरात गेला. बाझीलच्या मनात आलं, बंदूक आणायला गेला. तो हलला नाही. एलोई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आला. त्यात औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, एक चष्मा होता, आणि कौलाचा दुसरा तुकडा होता. त्याने तो चाळणीवर ठेवून पहिल्याजवळ सरकवला. कड कडेला बसली. मधून केसही गेला नसता.

"म्हणजे मी म्हणालो ते खरं," बाझीलचा आवाज चढला. "तूच चोरलेस! एक ठेवलास, एक तिला दिलास. आणि ती, माझी बायको, माझीच वाईन घेऊन—"

"तिसरा कुठे आहे?"

"काय?"

"कौलाचे तीन करतात. मी चोरले असतील तर मला ठाऊक पाहिजे. विचार मला."

बाझीलने जुळलेल्या दोन तुकड्यांकडे बघितलं.

"तिसरा अजून जमिनीत आहे," एलोई म्हणाला. "मोजणीवाल्याने तुझ्या कडेला नवी खुंटी ठोकली ना, तिच्यापासून दोन पावलांवर. त्या हिवाळ्यात तू खोकल्याने अंथरुणात होतास. सोलांज एकटी मेलेला बुंधा उपटत होती. बुंध्याखाली कोळसा निघाला, जुने लोक खुणेसाठी पुरत तो, आणि कोळशाखाली हे तीन. नव्या हद्दीवर, बाझील. तुझ्या दगडापासून तीन ओळी अलीकडे. तिने दोन वर काढले आणि तिसरा होता तसाच बुजवला. म्हणाली, त्याला डोळ्यांनी बघायचं असेल तर राहू दे."

"खोटं."

"तुझ्या कोठारात कुदळ आहे. जा, खण."

"मग दगड तिथे कसा गेला, तीन ओळी पलीकडे?"

"माझा बाप युद्धात पाच वर्षं जर्मन छावणीत कैदी होता," एलोई म्हणाला. "आई एकटी होती. तिला द्राक्षं समजायची, हद्द समजायची नाही. आणखी सांगू?"

नको होतं. बाझील अंगणातल्या पायरीवर बसला. ओगुस्त कुदेर्कचा फोटो त्याच्या स्वयंपाकघरात टांगलेला होता. त्याच्याकडे बोट दाखवून बाझील दर हंगामात सांगायचा, या माणसाने दुसऱ्याचा एक मणी कधी तोंडात टाकला नाही. सोलांज तेव्हा चुलीकडे वळायची. तिला गोष्ट पाठ झालीय म्हणून वळते, असं त्याला वाटायचं.

"तिने मला का नाही सांगितलं?"

"तेच सांगायला ती येत होती."

"तुला?"

"मग काय. पहिल्या वर्षी दोन्ही तुकडे घेऊन आली. इथे, याच चाळणीपाशी उभी राहून रडली. मी म्हटलं, एक मी ठेवतो, एक तू ठेव, नवऱ्याला सांग, आणि त्याने जिथे मला चोर म्हटलं तिथे जाऊन ते परत घेऊ दे. बाकी काही नको मला. ती म्हणाली, द्राक्षं उतरली की सांगते. पुढच्या वर्षी आली. काय, तर गारा पडल्या, तू दोन महिने कोणाशी बोलत नव्हतास, कसं सांगू. त्याच्या पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं, तू खुशीत होतास, कसं सांगू. मग तुझी छाती दुखली. मग दुखायची थांबली." एलोईने हातातला अक्रोड फिरवला. "दर ऑक्टोबरात वीस-तीस किलोमीटर चालत यायची, आणि काय सांगायला? की एलोई, यंदाही जमलं नाही. हे फोनवर सांगता आलं असतं. ती म्हणायची, नाही, हे तोंडावर येऊन सांगायला हवं."

"आणि मग उरलेला वेळ काय करायचात?"

"अक्रोड फोडायचो. रिकाम्या हाताने बसवत नाही म्हणायची. आणि तुला शिव्या द्यायची. तीन पोती अक्रोड आणि तेवढ्याच शिव्या."

बाझीलने वर बघितलं नाही, जमिनीकडे बघतच विचारलं. "तुमच्यात काही होतं?"

एलोई हसला नाही. "तुझ्यावर जीव नसता तर पहिल्याच वर्षी सांगून मोकळी झाली असती. माझा तर फायदाच होता त्यात." मग हातोडी उचलत म्हणाला, "तिच्या अंत्यविधीला आलो होतो मी. फोंतोराकच्या वेशीवरच्या पुलावर गाडी थांबवली. तुमच्या गावात पाय ठेवणार नाही म्हणून ठेवलं होतं ना. घंटा वाजायची थांबली तेव्हा परत फिरलो."

पाहुण्याला उपाशी घालवणं एलोईला जमलं नसतं. त्याने अंडी केली, अक्रोडाच्या तेलात कोशिंबीर केली, आणि टेबलावर वाईन ठेवली. बाटली बाझीलच्याच मळ्याची होती, गेल्या ऑक्टोबरात आलेली. दोघांनी ती संपवली.

"आता ती नाही," एलोई ताटं उचलताना म्हणाला. "तुकडे नदीत टाकलेस तरी कोणाला कळायचं नाही. मी काही विचारायला येणार नाही."

सकाळी बाझीलने बूट बांधले. "मी जोझियानच्या कॅफेत सांगतो," तो म्हणाला.

"सांगशील?"

"म्हटलं ना."

"कुदेर्कांच्या घरातून मी दहा वर्षं 'सांगते' ऐकतोय," एलोई म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. "मी बघायला येणार. बस गाडीत."

"मी चालत जाणार."

"का?"

बाझीलने पिशवीचा पट्टा खांद्यावर ओढला. ती चालत परत यायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. "पाय आहेत मला," तो म्हणाला.

"म्हणजे वाटेत पळायला बरं," एलोई म्हणाला.

मग ते तसेच उतरले. बाझील मळ्यांमधून, एलोई सडकेने. प्रत्येक गावाच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी असायची, कोंबड्या खुराड्यात चोची आपटत असायच्या, आणि एलोई खिडकीतून मान काढून बघायचा, हा येतोय की कुठल्या आडवाटेने सटकला. बाझील दिसला की तो काही न बोलता गाडी सुरू करायचा. एकदा बाझील पाण्यासाठी ओढ्याकडे उतरला, तर एलोईने दोन मिनिटं भोंगा वाजवला. बेल्वेरला मिरेयने दोघांना एका टेबलावर जेवायला घातलं आणि एकदाही काही विचारलं नाही. तिला विचारायचं होतं, हे तिने ताटं किती जोराने ठेवली त्यावरून कळलं.

चालता चालता बाझीलने सगळं उलटसुलट करून बघितलं. एलोईनेच तिसरा तुकडा रात्री जाऊन पुरला असेल. मग बुंधा? बुंधा तर मीच पाहिला होता, कोपऱ्यात टाकलेला, मुळांना कोळसा लागलेला. सोलांजला विचारलंही होतं, हा कोळसा कसला. ती म्हणाली होती, जुनी शेकोटी असेल. त्याला वाटलं घरी गेल्यावर खणून बघावं. मग वाटलं, खणलं तर ते तिच्यावर विश्वास नाही म्हणून असेल, आणि नाही खणलं तर बापावर विश्वास नाही म्हणून. कुठलंही एक करावंच लागणार होतं.

गुरुवारी संध्याकाळी तो फोंतोराकला पोचला तेव्हा लोक कामावरून येऊन पहिला ग्लास घेत होते. गाडी कॅफेसमोर होती. एलोई तिच्यात बसूनच होता.

"आत ये," बाझील म्हणाला.

"दार उघडं ठेव. इथून ऐकू येतं."

आत आठ-दहा जण होते. जोझियान काउंटरमागे ग्लास पुसत होती. कोपऱ्यात फेर्नां होता, शिकाऱ्यांचा म्होरक्या, एलोईचा एकेकाळचा जोडीदार. बाझीलच्या पाठीवरचं पिवळं फूल बघून कोणीतरी शीळ घातली. "काय रे बाझील, सहलीला गेला होतास?"

"एलोई मार्ती चोर नाही," बाझील म्हणाला. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "साक्षीदार त्याने चोरले नव्हते. दगड माझ्या बापाने सरकवला होता. मी त्याला इथे चोर म्हणालो होतो, ते परत घेतो."

शीळ घालणाऱ्याने आपला ग्लास उचलला. जोझियान ग्लास पुसतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बस आता. एवढं नको मनाला लावून घेऊस. ते सगळ्यांना ठाऊकच आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ओगुस्तचं," फेर्नां म्हणाला. "माझ्या आईने बघितलं होतं त्याला. सकाळी सकाळी, खांद्यावर पहार घेऊन. जुन्या लोकांना सगळ्यांना माहीत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही."

दारात एलोई उभा होता. गाडीतून कधी उतरला ते कोणाला कळलं नाही. गावात पाय ठेवून तो उभा होता, आणि एकेका तोंडाकडे बघत होता.

"तुला ठाऊक होतं, फेर्नां?"

फेर्नांने ग्लासात बघितलं. "मला कोणी विचारलं नाही, एलोई."

"एक हिवाळा मी त्या टेबलावर एकटा बसलो. तू इथे, चार हातांवर."

"तू विकून गेलास. मी काय करणार?"

"माझं बरं चाललं होतं," एलोई म्हणाला. कोणाला म्हणाला ते नक्की कळलं नाही. "एकाच माणसावर रागावून होतो."

जोझियान म्हणाली, "काय घेणार, एलोई? माझ्याकडून." त्याने ऐकलं नाही असं केलं आणि बाहेर पडला. बाझील त्याच्या मागे गेला. गाडीपाशी दोघं उभे राहिले.

"ती कुठे आहे?" एलोईने विचारलं. "मी तेव्हा पुलावरूनच परतलो होतो."

कबरस्तान चर्चच्या मागे होतं, पाच मिनिटांवर. बाझील पुढे, एलोई मागे लंगडत. सोलांजला काय काय बोलायचं ते चार दिवस बाझीलने घोकलं होतं. दहा वर्षं, म्हणायचं होतं. मला एवढं ओळखलं नाहीस का, म्हणायचं होतं. मी चिडलो असतो, आठवडाभर जेवलो नसतो, मग जेवलो असतो.

दगडापाशी गेल्यावर त्यातलं एकही वाक्य आलं नाही. तो उभा राहिला, टोपी काढली, आणि रोज संध्याकाळी कॅफेतून घरी येऊन बूट काढता काढता जसं तिला सगळं सांगायचा, तसं सांगायला लागला. कोण कोण होतं, कोणी शीळ घातली, जोझियान काय म्हणाली.

"आणि फेर्नां म्हणाला, त्याने स्वतः बघितलं होतं बापाला, पहार घेऊन."

"त्याने नाही," एलोई मागून म्हणाला. "त्याच्या आईने."

"तेच."

"तेच कसं? तो जन्मलाही नव्हता तेव्हा. आई म्हणाला तो. नीट सांग तिला."

"मी सांगतोय ना."

"आणि दार उघडं ठेव असं मी म्हटलं होतं, तेही सांग. तू आपणहून ठेवलं नव्हतंस."

बाझीलने त्याच्याकडे वळून बघितलं. मग पुन्हा दगडाकडे तोंड केलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागला, या वेळी दारापासून.